पुरुषाचे आरोग्य : ग्रंथी वेगळी, नलिका वेगळी

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संप्रेरक म्हणजे काय, हे सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील शेतकऱ्याला वस्तुतः निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. तासगाव भागातील द्राक्षबागाईतदार छाटणीनंतर नेमक्या दिवशी जिब्रेलिक ॲसिडच्या, म्हणजे त्याच्या बोलण्यातील ‘जी.ए.’च्या, पाण्यात घड बुडवून काढतो. दहा लाख भाग पाण्यात औषधाचे अवघे काही भाग. पण तेवढ्याने मणी लांबतो, फुगतो आणि बिनबियांचे द्राक्ष बाजारात उभे राहण्याजोगे होते. दिवस चुकला किंवा मात्रा वाढली, की घड बिघडतो. हे जी.ए. म्हणजे वनस्पतीचे संप्रेरक होय. मात्रा अत्यल्प, वेळ ठरलेली आणि परिणाम मोठा, हा संप्रेरकाचा स्वभाव झाडात जसा दिसतो तसाच तो माणसातही दिसतो. ज्या बागाईतदाराला जी.ए.चा एक ग्रॅम जास्त पडल्याची धास्ती वाटते, तोच आपल्या मुलाला कोणी ‘ताकदीचे इंजेक्शन’ दिले तर त्यात काय आहे असे विचारीत नाही, ही मात्र विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

माणदेशातील पशुपालकाला याच शास्त्राची दुसरी बाजू पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. खरसुंडी, म्हसवड, पुसेगाव येथील जनावरांच्या बाजारांत खिलार खोंडाची पारख करणारा जाणता माणूस मान आणि वशिंड पाहून सांगतो, की खोंड लवकर खच्ची केला आहे की उशिरा. लवकर खच्ची केलेल्या बैलाची मान बारीक राहते, वशिंड भरत नाही, स्वभाव मवाळ होतो. वळूचा रुबाब त्याच्यात येत नाही. म्हणजे वृषणातून काहीतरी शरीरभर जाते आणि ते थांबले की शरीराची घडणच बदलते, हे त्याने पुस्तकाशिवाय ओळखले होते. जर्मनीतील ग्योटिंगेन येथे आर्नोल्ड बेर्टहोल्ड यांनी १८४९ साली हेच कोंबड्यांवर पडताळले. वृषण काढलेल्या कोंबड्याचा तुरा सुकला. परंतु वृषण काढून पोटात अन्यत्र बसविले, तर तुरा पूर्ववत राहिला आणि कोंबडा आरवतही राहिला. मूळ जागेचे नसांचे जोड तुटलेले असताना हे घडले, तेव्हा जे काही जाते ते रक्तावाटे जाते, असा निष्कर्ष निघाला. ‘हॉर्मोन’ हा शब्द लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ साली रूढ केला. पुढे १९३५ साली ॲमस्टरडॅम येथे एर्न्स्ट लाक्वर व त्यांच्या सहकाऱ्यांनी वळूंच्या सुमारे १०० किलो वृषणांतून हे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. हाती आले ते अवघे १० मिलिग्रॅम. त्यालाच त्यांनी टेस्टोस्टेरॉन हे नाव दिले.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर उभे आहे. वृषणाची कामे दोन आहेत आणि त्या दोन कामांच्या वाटाही दोन आहेत. वृषणात संप्रेरक तयार होते, ते थेट रक्तात मिसळते. दाढीमिशा, घोगरा आवाज, स्नायूंचा भर, कामेच्छा हे सारे त्याच्यावर अवलंबून असते. वृषणातच शुक्राणूही तयार होतात, ते मात्र रक्तात जात नाहीत. एका बारीक नलिकेने, शुक्रवाहिनीने, पुढे जातात. खोंडाला खच्ची करताना पशुवैद्य बर्डिझो चिमट्याने दाबतो तो संपूर्ण दोर. त्यात नलिका असते आणि वृषणाला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्याही असतात. रक्तच तुटल्यामुळे वृषण सुकून जाते आणि दोन्ही कामे बंद पडतात. पुरुषाच्या नसबंदीत केवळ शुक्रवाहिनी तोडून बांधली जाते. रक्तवाहिन्यांना हात लागत नाही, वृषण जागच्या जागी राहते, संप्रेरक पूर्वीइतकेच रक्तात जात राहते. आवाज बदलत नाही, ताकद कमी होत नाही, इच्छाही जात नाही. वीर्याचे प्रमाणसुद्धा जाणवण्याइतके घटत नाही. कारण वीर्याचा फारच थोडा, शेकडा दोन ते पाच एवढाच अंश वृषणाकडून येतो आणि उरलेला द्रव वाटेवरील शुक्राशय व पुरःस्थ या ग्रंथींचा असतो. शुक्राणू तयार होतच राहतात, ते शरीरात आपोआप जिरतात.

इतका सरळ फरक असूनही ग्रामीण बोलीत ‘त्याला खच्ची केला’ हे वाक्य नसबंदी झालेल्या माणसाविषयी सर्रास उच्चारले गेले. याला केवळ अडाणीपणा कारणीभूत आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८३ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी जवळजवळ ६२ लाख पुरुषांच्या होत्या. उद्दिष्टे गाठण्यासाठी अनेक ठिकाणी सक्ती झाली. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले होते. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. ज्या शस्त्रक्रियेसाठी माणसाला धरून नेले जाते तिच्याविषयी त्याच्या मनात खच्चीकरणाचीच प्रतिमा उमटावी, हे स्वाभाविक होते. परिणाम असा झाला, की त्यापूर्वी मोठ्या प्रमाणावर पुरुषांची असलेली ही शस्त्रक्रिया जवळपास पूर्णपणे स्त्रियांची झाली. २०१९ ते २१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशातील विवाहित जोडप्यांपैकी शेकडा ३७.९ जोडप्यांत स्त्रीची नसबंदी झालेली होती. पुरुषाची शेकडा ०.३. महाराष्ट्रात स्त्रियांचे प्रमाण देशाच्या सरासरीहून अधिक आहे. पोट उघडावे किंवा दुर्बिणीने आत जावे लागणारी शस्त्रक्रिया पत्नीने करून घ्यावयाची आणि कातडीखाली चाचपडता येणाऱ्या नलिकेची, काही मिनिटांची शस्त्रक्रिया पतीने टाळावयाची, अशी ही विभागणी आहे.

पुरुषाच्या मनातील भीतीचे मूळ याहून जुने आहे. रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र अशी सात धातूंची मालिका आयुर्वेदात सांगितली आहे. तिच्यातूनच रक्ताच्या इतक्या थेंबांचा वीर्याचा एक थेंब होतो, हा हिशेब लोकांच्या मनात रुजला. स्वप्नावस्थेत वीर्य गेले की अंगातील सत्त्व गेले असे मानणारे तरुण आजही दवाखान्यात थकवा, कंबरदुखी, निरुत्साह या तक्रारी घेऊन येतात. डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली या चिंतारोगाला ‘धातू सिंड्रोम’ हे नाव दिले. ही समजूत केवळ आपल्याकडची आहे असेही नाही. अठराव्या शतकात स्वित्झर्लंडमधील टिसो नावाच्या नामवंत डॉक्टराने याच भीतीवर ग्रंथ लिहिला आणि युरोपातील कित्येक पिढ्यांची झोप उडविली. आज शरीरशास्त्राचा निर्वाळा स्पष्ट आहे. वीर्य रक्तापासून आटवून बनत नाही. ते साठविल्याने बळ येत नाही आणि गेल्याने बळ जात नाही. वयात आलेल्या मुलाला स्वप्नावस्था होणे हे त्याच्या ग्रंथी कामाला लागल्याचे चिन्ह होय. हस्तमैथुनाने नपुंसकता, वेड किंवा क्षय होत नाही. खरा आजार असतो तो भीतीचा, आणि त्यावर उपाय धीराने समजावून सांगणे हा आहे.

या दोन जिल्ह्यांत हे सांगताना तालमीचा उल्लेख टाळता येणार नाही. हेलसिंकी येथे १९५२ साली ऑलिंपिक पदक मिळविणारे खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, हिंदकेसरी मारुती माने सांगलीजवळच्या कवठेपिरानचे. लाल मातीतील पहाटेचा जोर-बैठकांचा मेहनताना, ठरलेला खुराक, वेळेवर झोप आणि व्यसनापासून दूर राहणे या शिस्तीने शरीर घडते, यात संशय नाही. उस्तादाने पठ्ठ्याला मन एकाग्र ठेवावयास सांगावे, हेही योग्यच. मात्र झोपेत वीर्य गेले म्हणून उद्याची कुस्ती हरणार, या धास्तीने रात्रभर जागा राहिलेला पठ्ठ्या खरोखरच हरतो. दोष जागरणाचा असतो, बोल मात्र वीर्याला लागतो.

या प्रश्नांची शास्त्रीय उत्तरे मराठीत जाहीरपणे देण्याचा मान प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांचा आहे. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. वाचक प्रश्न विचारीत, कर्वे गणिताच्या प्राध्यापकाला शोभेल अशा कोरड्या नेमकेपणाने उत्तर देत. अशाच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ साली त्यांची बाजू न्यायालयात मांडली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत ज्यांचे नाव दाखल झाले, तेच हे आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर देणे हा गुन्हा ठरला, आणि त्याच काळात ताकदीच्या गोळ्यांच्या जाहिराती मात्र निर्वेधपणे छापल्या जात होत्या.

त्या जाहिराती आज बेकायदेशीर आहेत. औषधे व जादूटोणासदृश उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना बंदी घालणारा केंद्रीय कायदा १९५४ सालचा आहे. कामशक्ती वाढविण्याचा दावा करणाऱ्या जाहिराती त्याच्या कक्षेत येतात. तथापि एस.टी. स्थानकाची भिंत, मुतारीचा दरवाजा, रस्त्याकडेचा जडीबुटीचा तंबू येथे हा कायदा पोहोचलेला दिसत नाही. भिंत ग्रामपंचायतीच्या हद्दीत असते, हे सदस्यांनी लक्षात घ्यावे. ‘शंभर टक्के वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांत सिल्डेनाफिल हे रासायनिक औषध गुपचूप मिसळल्याचे तपासण्यांत वेळोवेळी आढळले आहे. छातीच्या दुखण्यावर नायट्रेटची गोळी घेणाऱ्या माणसाच्या पोटात असे चूर्ण गेले, तर रक्तदाब एकाएकी कोसळून जीव जाऊ शकतो.

ताकदीच्या औषधांची कथा तशी गमतीची आहे. ब्राऊन-सेकार हे पॅरिसमधील थोर शरीरशास्त्रज्ञ. १८८९ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांनी कुत्रे व गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तारुण्य परतल्याचे विद्वत्सभेत जाहीर केले. पाण्यात काढलेल्या त्या अर्कात संप्रेरक जवळजवळ नव्हतेच, असे पुढे सिद्ध झाले. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला श्रद्धेने जोम आला, तर तंबूतील चूर्णाने गिऱ्हाइकाला चार दिवस बरे वाटावे यात नवल नाही.

आजचे इंजेक्शन मात्र असे निरुपद्रवी नाही, कारण त्यात खरे संप्रेरक असते. लष्कर व पोलीस भरतीची तयारी करणारी मुले या भागात मोठ्या संख्येने आहेत. अपशिंगे गावाच्या नावातच ‘मिलिटरी’ आहे. व्यायामशाळेत कोणीतरी अशा मुलाला दंड लवकर भरण्याचा मार्ग दाखवितो. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी रक्तातील संप्रेरकाचे प्रमाण सतत पाहत असते. कमी पडले तर ती वृषणाला हुकूम पाठविते, भरपूर दिसले तर हुकूम थांबविते. बाहेरून टोचलेले संप्रेरक पाहून ती गप्प बसते, वृषण रिकामे राहते, आकाराने लहान होते आणि शुक्राणूंची निर्मिती थांबते. जागतिक आरोग्य संघटनेने याच तत्त्वावर टेस्टोस्टेरॉनचे साप्ताहिक इंजेक्शन पुरुषांचे गर्भनिरोधक म्हणून अजमावून पाहिले होते. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात, निम्म्याहून अधिक पुरुषांच्या वीर्यात शुक्राणू शून्यावर आल्याची नोंद आहे. थोडक्यात, मूल हवे असलेला माणूस ‘अशक्तपणावर’ हे इंजेक्शन घेतो तेव्हा तो गर्भनिरोधकच टोचून घेत असतो. औषध थांबविल्यावर बहुतेकांत निर्मिती पुन्हा सुरू होते. पण त्याला अनेक महिने, कधी वर्षाहूनही अधिक काळ लागतो.

मूल न होण्याच्या प्रश्नात खरे दुःख आहे, आणि ते सहसा चुकीच्या माणसाच्या वाट्याला येते. लग्नानंतर दोन वर्षे झाली की सून देवऋषीकडे, बाबाकडे, मग दवाखान्यात नेली जाते. तिच्या रक्ताच्या, सोनोग्राफीच्या, नळ्यांच्या तपासण्या होतात. नवरा बाहेर बाकावर बसलेला असतो. वस्तुतः मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडील कारण असते, एकटे अथवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने. त्याची पहिली तपासणी वीर्याची. ती स्वस्त, वेदनारहित आणि तासाभराची आहे. दोन ते सात दिवसांच्या अंतराने नमुना द्यावा, दोष निघाल्यास पुन्हा तपासावा. एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू ही जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ सालची खालची मर्यादा आहे. शुक्राणू तयार होऊन बाहेर येण्यास सुमारे तीन महिने लागतात. म्हणून आज तंबाखू सोडली, तर फळ तीन महिन्यांनी पाहावे. शरीर धडधाकट आहे, कामेच्छा आहे, म्हणून वीर्यात दोष नसणार, हा तर्कही फसवा आहे. दोन कामांच्या वाटा दोन असतात, हे वर आलेच आहे. संप्रेरक उत्तम असूनही शुक्राणू शून्य असू शकतात.

२०१३ सालच्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यात, अतींद्रिय शक्तीने मातृत्व देण्याचे आश्वासन देऊन स्त्रीशी संबंध ठेवणे हा गुन्हा म्हणून नोंदलेला आहे. या कायद्यासाठी अनेक वर्षे झटलेले आणि त्याच वर्षी ज्यांची हत्या झाली ते डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. वैद्यकीय शिक्षण त्यांनी मिरजेच्या महाविद्यालयात घेतले होते. नवऱ्याने वेळीच एक तपासणी केली असती, तर ज्या स्त्रिया अशा बाबांच्या दारी गेल्या त्यांतील कित्येकींची ती पायरी चुकली असती.

शिक्षकांनी व अंगणवाडीशी संबंधित मंडळींनी काही गोष्टी विशेष लक्षात ठेवाव्यात. जन्मलेल्या मुलाचे वृषण खाली पिशवीत उतरले आहे की नाही, हे पाहिले पाहिजे. सहा महिन्यांनंतरही उतरले नसेल, तर शस्त्रक्रिया एक-दीड वर्षाच्या आत व्हावी. उशिराने शुक्राणूंची हानी होते आणि पुढे कर्करोगाचा धोकाही वाढतो. शाळेतील मुलाला एकाएकी वृषणात तीव्र वेदना झाल्या, तर लाजेने रात्र काढू देऊ नये. वृषणाला पीळ पडला असेल, तर सुमारे सहा तासांत तो सोडविला तरच वृषण वाचते. वयात आल्यानंतर गालगुंड झाले आणि वृषण सुजले, तर डॉक्टरांना दाखवावे. वृषणाभोवतालच्या नसा फुगणे, ज्याला व्हेरिकोसील म्हणतात, हे शेकडा पंधरा पुरुषांत आढळते. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत ते निघाले म्हणून घरी परतलेला मुलगा आपल्यात मोठेच व्यंग आहे असे समजतो. बहुतेकांना त्याचा काहीही उपद्रव नसतो आणि गरज पडल्यास ते दुरुस्त करता येते. २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शासकीय रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ केंद्रे आहेत. मुलांना तेथे पाठवावे.

चाळिशीनंतरच्या तक्रारींविषयी थोडक्यात. टेस्टोस्टेरॉन तिशी-चाळिशीनंतर दरवर्षी साधारण शेकडा एक या गतीने उतरते. ही उतरण आजार नव्हे. लठ्ठपणा आणि मधुमेहाने ते अधिक उतरते, वजन घटविल्यास अंशतः सावरते. तपासावयाचे असल्यास रक्त सकाळी, उपाशीपोटी द्यावे आणि एका अहवालावर औषध सुरू करू नये. दुसऱ्या दिवशीची तपासणी जुळली पाहिजे. पन्नाशीच्या आसपास ताठरता येण्यात नव्याने अडचण येऊ लागली, तर दोष अनेकदा रक्तवाहिन्यांचा असतो. हृदयाच्या वाहिन्यांआधी तेथील बारीक वाहिन्या आकसतात. अशा माणसाने तंबूत न जाता रक्तातील साखर, रक्तदाब आणि हृदय तपासून घ्यावे. लाजेपोटी लपविलेली ही तक्रार म्हणजे हृदयविकाराची काही वर्षे आधी आलेली सूचना असू शकते.

आता पुन्हा नसबंदीकडे. चीनमधील डॉ. ली शुन्‌चियांग यांनी १९७४ साली शोधलेल्या बिनटाक्याच्या पद्धतीत सुरीही लागत नाही. कातडीला एक छिद्र, तेही टाका न घालता भरून येते. दोन दिवस विश्रांती, आठवडाभर जड ओझे व सायकल वर्ज्य, एवढेच पथ्य. स्त्रीला पूर्ण कामाला लागण्यास दोन आठवडे लागतात. शस्त्रक्रिया झाली म्हणजे त्याच दिवशी काम संपले, असे मात्र नाही. पुढील नलिकेत शुक्राणू शिल्लक असतात. म्हणून तीन महिने निरोध किंवा अन्य साधन वापरावे आणि नंतर वीर्य तपासून शुक्राणू नसल्याची खात्री व प्रमाणपत्र घ्यावे. ही तपासणी न केल्यामुळे राहिलेल्या गर्भापायी पत्नीच्या चारित्र्यावर संशय घेतला जातो, हे आरोग्यसेवकांना चांगले ठाऊक आहे. नलिका पुन्हा जोडता येते, तरी यशाची हमी नसते. कुटुंब पूर्ण झाले असे दोघांचेही मत असेल, तरच हा मार्ग घ्यावा आणि तोही स्वखुशीने.

पुरुष नसबंदी पंधरवडा दरवर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर असा पाळला जातो. या दिवसांत साखर कारखान्यांचे गाळप चालू झालेले असते आणि तासगावकडे घड जी.ए.त बुडविण्याची घाई असते. बागाईतदाराला आठवडाभर जड काम बंद ठेवा म्हणून सांगावयाचे, तर याहून अडचणीचा काळ मिळणे कठीण. शस्त्रक्रिया रुग्णालयात इतर दिवशीही होते. साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय किंवा सांगलीचे वसंतदादा पाटील रुग्णालय येथे चौकशी करून, छाटणीपूर्वीच्या मोकळ्या दिवसांत इच्छुक पुरुषांची नावे घेण्याचे काम ग्रामपंचायतीला सहज करता येईल. पंधरवड्यासाठी मग माहितीच्या सभा ठेवाव्यात, आणि त्या सभांत खिलार खोंडाचे उदाहरण अवश्य द्यावे.